इडोनियाची बोली

बसा फादर, चुलीपाशी सरका. गावात नवे आहात, तर आमच्या हॉवीस बाईसाहेबांची गोष्ट सांगतो.

साहेब वारले आणि आठवड्याच्या आत राजाचा कारकून दारात हजर. वारस कोण, तर त्यांची सात वर्षांची लेक इडोनिया. पोर वयानं अज्ञान, म्हणून जमीन, गिरणी, जंगल, पोरीसकट सगळं राजाच्या ताब्यात. आणि राजा काय पोरी सांभाळत बसतो होय? जो जास्त बोली लावेल त्याच्या पदरात टाकतो; मग जमिनीचं उत्पन्न त्याचं, पोरीचं लग्नही तोच ठरवणार. खजिना भरला की झालं.

बोलीला ड्रोगो सरदार आला. साठीचा बाप्या, दोन बायका पुरलेला. त्यानं पोरीचं तोंड उघडून दात बघितले, घोडीचे बघतात तसे.

"अंग धरेल का ही?"

"खाऊ घाला, धरेल," कारकून म्हणाला. "नाही धरलं तरी गिरणी कुठं पळतीय?"

दोघं खिदळले.

बाईसाहेब रडत माझ्या दारात आल्या. "टॉमलिन, पोटची पोर विकत घ्यायची वेळ आली रे! त्या थेरड्यापासून वाचवा तिला."

गाव हललं. लोहारानं डुकरं विकली, मी गाडीचा एक बैल विकला. म्हाताऱ्या मॉडनं तर कफनासाठी ठेवलेलं कापड दिलं.

बोलीत ड्रोगो लवकरच गप्प झाला. शिक्का मारताना बाईसाहेबांनी कारकुनाला दोनदा विचारलं, "हिचं लग्न ठरवायचा हक्कही माझाच ना?"

"तुमचाच, बाई."

त्यांनी पोरीला पोटाशी धरलं. आम्ही टोप्या उडवल्या.

"काय सरदार, घोडी हुकली?" लोहार ओरडला. ड्रोगो नुसता हसला.

परवा बाईसाहेबांनी मला बोलावलं. सफरचंद सोलत होत्या.

"गाडी धुऊन ठेव. इडोनियाला सासरी पोचवायचंय."

"कुणाच्या घरी, बाईसाहेब?"

"ड्रोगोच्या. बोलीच्या आधीच ठरलं होतं आमचं. राजाच्या घशात का घालायचे त्यानं पैसे? मला दिले."

"आणि गावानं दिले ते?"

"ते तुम्ही मायेनं दिलेत ना?" म्हणाल्या, आणि फोड तोंडात टाकली.

उद्या चर्चच्या दारात लग्न लावताना त्या पोरीला 'कबूल आहे का' असं तुम्हीच विचारणार. फार हळू बोलते ती, फादर. 'नाही' म्हणाली, तर तेवढं ऐकू येऊ द्या.