काचेतली मावशी

“पडली होती तेव्हा पाय कसे होते तिचे?” सरांनी विचारलं.

रिकाम्या काचपेटीसमोर ते खुर्ची ओढून बसले होते. ह्या घरचा मुलगा कॉलेजात त्यांच्याच हाताखाली कोळ्यांचा अभ्यास करायचा. तळहाताएवढी ही केसाळ मादी त्यानं पिल्लू असताना घरी आणली आणि नाव ठेवलं मावशी. “माझी बहीण एवढी केसाळ नाही,” म्हणत आई चार दिवस फुरंगटून बसली होती. “आई, कोळी किडे खातात म्हणून आपल्या ताटात दाणा पडतो,” हे मुलाचं ठरलेलं उत्तर. आठ महिन्यांपूर्वी तो अपघातात गेला. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी आई त्यानंतर दर रविवारी चिमट्यात जिवंत झुरळ धरून पेटीत सोडायला लागली. वडिलांना ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

“पाय ना? छान पसरलेले होते,” आई म्हणाली. “तीन आठवडे अन्नाला शिवली नव्हती हो सर. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, ही त्याच्यासाठी झुरतेय. बुधवारी सकाळी बघते, तर स्वतःच जाळं विणून पांढरी चादर अंथरलेली आणि तिच्यावर उताणी पडलेली. हाका मारल्या, काचेवर टकटक केलं. काही नाही. दुपारपर्यंत वाट बघितली, मग म्हटलं, संपलं.”

अर्धा चहा तसाच ठेवून सर उठले. वडील त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले.

“काय झालं सर? चेहरा का उतरला तुमचा?”

सर जरा घुटमळले. “कोळी मरतो तेव्हा पाय पोटाशी आवळून घेतो. मूठ मिटावी तसे. पाय पसरून उताणा पडतो, तो कात टाकायला. त्याआधी खाणं सोडतो, चादर विणतो. कात निघेपर्यंत कितीतरी तास नुसता पडून असतो.”

“म्हणजे?”

“संध्याकाळपर्यंत उठली असती. नवी कोरी होऊन. माद्या वीस-वीस वर्षं जगतात.”

आज रविवार होता. वडिलांनी मनात बुधवारपासूनचे दिवस मोजले. मुलाच्या हातची तेवढीच एक जिवंत गोष्ट घरात उरली होती.

“हिला कळू देऊ नका,” ते म्हणाले. सरांनी मान हलवली आणि ते गेले.

वडील आत आले तेव्हा आई ओल्या फडक्यानं पेटीची काच पुसत होती.

“काय म्हणत होते सर?”

“म्हणाले, वय झालं होतं तिचं. तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं.”

तिचे डोळे भरून आले. पण कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जरा निवल्यासारखा वाटला.

“त्याच्या वेळी मला कुणी जवळही जाऊ दिलं नाही,” ती म्हणाली. “हिचं तरी सगळं माझ्या हातानं केलं. त्या चादरीतच गुंडाळलं. माती चांगली दाबून बसवली, वर मोठा दगड ठेवला. मांजरानं उकरायला नको.”