बिनशिक्क्याचा पंप

कार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या स्टोअरमधून एक वॉटर पंप गायब झाला, आणि नेमका तसाच पंप तिथल्या मेकॅनिकच्या स्वतःच्या जुन्या गाडीत सापडला. सगळे त्याला 'कानस' म्हणत, कारण कुठलाही सुटा भाग घासल्याशिवाय त्याच्या हातून गाडीत जात नसे.

"साहेब, बाजारातला स्वस्तातला आहे. कडा घासल्या, बेअरिंग चांगलं घातलं, बसायची बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट केली. महिनाभर घरी घासत होतो."

"पंप आहे की भांडं?" मॅनेजर कडाडला. "मला दुधखुळा समजतोस? यावरचा शिक्का कुठाय?"

"घासताना गेला."

"गेला, की घालवलास?"

कानसची नोकरी तर जाणारच होती. पण चोर ठरून गेलेल्याला दुसऱ्या गॅरेजात कोण उभं करणार?

कंपनीचे तपासनीस आले. त्यांनी तो पंप टेबलावर घेतला आणि शेजारी कंपनीचा नवा कोरा पंप ठेवला. दोन्हींच्या कडांवरून अंगठा फिरवला, पट्टी लावून पाहिली, आतला पंखा बोटाने फिरवून पंप कानाशी धरला. पोलिसांना बोलवायला मॅनेजर फोन हातात घेऊन तयारच होता.

तपासनिसांनी उठून आधी केबिनचं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

 

"सोडा त्याला. आपला माल एवढा चांगला नसतो."