शेटेबाईंचं उत्तर

वर्गावर पाठ घेण्याच्या परीक्षेत शिकाऊ शिक्षिका रोहिणी गावितला शब्दच फुटेनात. आधी एकदा ती नापास झाली होती. ही शेवटची संधी. अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्या शेटेबाई मुलांमध्येच, मागच्या बाकावर बसून बघत होत्या.

"भाकरीचा तिसरा भाग मोठा, की चौथा?" तिने कसंबसं विचारलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

शेटेबाईंनी हात वर केला. "चौथा. तीनपेक्षा चार मोठे असतात ना?"

मुलं खुदकन हसली. रोहिणीलाही हसू फुटलं. "बाई, जरा फळ्यापाशी या," म्हणत तिने खडूने दोन गोल भाकऱ्या काढल्या आणि त्यांच्याच हातून वाटे करवून घेतले. मग घंटा होईपर्यंत ती अडखळली नाही.

गुण देऊन शेटेबाई उठल्या, तेव्हा शेजारच्या चिमुरडीने त्यांचा हात थोपटला.

"वाईट नका वाटून घेऊ, बाई. या नव्या बाई छान शिकवतात. तुम्ही रोज येत जा."