तिसरा गुच्छ

बादलीत गुच्छ तीन होते.

पोंटुस हेडलुंड धुण्याच्या खोलीत आला होता तो गुडघ्याची पट्टी न्यायला. ती तो कपडे बदलायच्या खोलीत कधी ठेवत नसे. कोचच्या नजरेला पडायला नको. फुटबॉल क्लबचे कपडे धुणारी बिर्गित्ता ती गुपचूप वाळवून ठेवायची. आज पट्टीच्या शेजारी ही बादली. हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. क्लब सोडून जाणाऱ्याला खेळ सुरू व्हायच्या आधी पुढे बोलवायचं, फुलं द्यायची, टाळ्या वाजवायच्या, अशी रीत. पण जाणारे दोघेच होते. डेन्मार्कचा तो आघाडीचा पोरगा घरी परतणार होता आणि मधल्या फळीतला लुडविग वायरिंगच्या कामाला लागणार होता.

"तिसरा कुणाचा?"

बिर्गित्ता मोज्यांच्या जोड्या लावत होती. "माझ्याकडे फुलं नुसती पाणी प्यायला येतात बाबा."

"रेफरीचा असेल."

"रेफरीला फुलं? आपल्या गावात?"

"मग तुझाच. कुठे निघालीस?"

"मी कुठे जाते! हे यंत्र मेल्याशिवाय माझी सुटका नाही." तिने वर पाहिलं नाही. "पट्टी घे आणि जा. दमट आहे जरा."

चेंडू कुठे पडणार हे तो सुटायच्या आत ओळखणं, एवढं एकच पोंटुसला आयुष्यात नीट येत होतं. त्याच्या नावावर उभ्या कारकिर्दीत दोन गोल. त्यातला एक आपल्याच जाळ्यात. बचावपटूने अडवलेले गोल कुणाच्या नावावर लागत नाहीत.

बोळात उल्फ सापडला. खेळाडूंचे करारमदार तोच बघायचा. हातात सॉसेज घातलेला पाव होता.

"उल्फ, माझं काय ठरलं?"

"अरे! तुलाच शोधत होतो."

"उन्हाळ्यापासून?"

"तसं नव्हे रे. निवांत बसायचं होतं तुझ्याबरोबर. सामना झाल्यावर, कॉफी घेत."

"आधी फुलं, मग कॉफी?"

उल्फचा घास गालातच राहिला. "म्हणजे... कोच तुझ्याशी बोलला नाही?"

"कोच म्हणाला, उल्फ बोलेल."

"आणि मला वाटलं, कोच..."

वाईट बातमी तोंडावर सांगायला गावात कुणी तयार नसतं. ती बिचारी या दारातून त्या दारात हिंडत राहते. फुलांची ऑर्डर मात्र वेळेवर जाते.

"मग मला अजून कुणी सांगितलंच नाही," पोंटुस घाईघाईने म्हणाला. आवाज चिरकला. "म्हणजे काही झालेलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेव. बाकावर बसेन. राखीव संघात खेळेन. सरावाला जाळ्या ओढून आणेन. म्हणशील ते करेन."

"पोंटुस, तुझा गुडघा..."

"ठणठणीत आहे!" दमट पट्टी त्याने पाठीमागे धरली. "लुडविगला तारा जोडता येतात. मला काय येतं, सांग ना. घरी बसून मी कुणाला अडवू?"

उल्फने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झकास निरोप देऊ रे. तुझ्या आईलाही बोलावलंय. पहिल्या रांगेत बसवलंय."

"आईला माहीत आहे?"

उल्फ ओठाला लागलेला मोहरीचा सॉस पुसत राहिला.

पोंटुस परत धुण्याच्या खोलीत शिरला. बिर्गित्ता सदरे वाटायला गेली होती. त्याने तिसरा गुच्छ बादलीतून उपसला, यंत्रातल्या मळक्या टॉवेलांत कोंबला आणि दार लावून घेतलं. फुलं नाहीत तर निरोप नाही. हिशोब सोपा होता.

बाहेर निघताना गोलकीपर एल्विरने त्याला कोपराने ढोसलं. "काय आजोबा, ढोपर काय म्हणतंय?" कित्येक हंगाम पोंटुसच्या पाठीमागे हाच माणूस उभा होता. त्याने मागून "चला, वर!" अशी आरोळी ठोकली की बचावफळीतल्या चौघांनी एका रेषेत पुढे सरायचं, म्हणजे समोरचा आपसूक ऑफसाइड. यात विचार करायचा नसतो. कानाच्या आधी पायांना ऐकू येतं.

मैदानावर सगळे रांगेत उभे राहिले. तोंडातून वाफा निघत होत्या. डेन्मार्कच्या पोराला फुलं मिळाली. लुडविगला मिळाली. क्लबच्या अध्यक्षबाईंनी पुन्हा बादलीत हात घातला. आत नुसतं पाणी. त्या गोंधळून उल्फकडे बघू लागल्या, उल्फ आपल्या बुटांकडे.

अडवला, असं पोंटुसला वाटलं.

तेवढ्यात भोंग्यातून त्याचं नाव आलं. पूर्ण, आडनावासकट. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत आई सगळ्यांच्या आधी. पोंटुस हलला नाही. हेडलुंड नावाचा दुसराच कुणी असावा तसा तो समोर बघत राहिला. टाळ्या वाजल्या, रेंगाळल्या, विरळ व्हायला लागल्या. आई एकटीच वाजवत राहिली. अध्यक्षबाई रिकामे हात पुढे करून तशाच उभ्या.

शेजारच्या एल्विरने मान न वळवता, हळूच म्हटलं, "चला, वर."

पाय निघाले. पोंटुसचे निघाले आणि बचावफळीतल्या बाकी तिघांचेही. चौघे एका रेषेत पुढे आले. मग त्या तिघांच्या लक्षात आलं, आणि ते एकेक करून मागे सरकले.