गावाचा शोकप्रस्ताव

डोंगरावर विमान कोसळलं, तेव्हा गावानं बांबूला झोळ्या बांधून सगळी प्रेतं खाली आणली. त्यात चांगो दरीत घसरून मेला. गावच्याच आमदारांनी विधानसभेत शोकप्रस्ताव मांडला, पण चांगोचं नाव घेतलं नाही. त्याच्या बायकोनं, धोंडूबाईनं, त्यांना कर्जतला गाठून विचारलं.

"बाई, यादी विमानातल्या लोकांची होती," ते म्हणाले.

दोन वर्षांनी आमदारांचे वडील वारले. तिरडी बांधून झाली, तरी खांद्याला गावातलं कुणी फिरकेना. शेवटी धोंडूबाई एक कागद घेऊन आली.

"सायब, गावानं शोकप्रस्ताव केलाय. समदी दोन मिंटं उभी व्हती."

"आणि खांदा कोण देणार?"

"खांद्याला पयला चांगोच असायचा. बघा, तुमच्या यादीत गावतोय का."