सातचा फोन

सात वाजायला पाच मिनिटं होती आणि सांबप्पांचं डोकं आतापासूनच तापलं होतं. आता बोरीच्या बजरंगाचा फोन येणार!

व्यसनमुक्ती केंद्राचा नियम साधा होता: दारू सुटलेल्यानं सोडू पाहणाऱ्याला रोज ठरल्या वेळी फोन करायचा. सांबप्पांची सुटून सहा वर्षं झाली होती. दसऱ्यात त्यांची बायको, उमादेवी, गेली आणि महिन्याभरात केंद्राच्या अनुपमाताईंनी हा बजरंग त्यांच्या गळ्यात मारला. पण हा बाबा सांबप्पांचा फोन येईपर्यंत थांबेल तर शपथ. सातच्या ठोक्याला स्वतःच हजर.

तेही कशासाठी?

"अप्पा, शेळीला मेथीघास चालतो का?"

"अप्पा, पितळंची घागर कशानं घासावी?"

"अप्पा, जेवलाव का?"

परभणीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानाचं शटर ओढून जरा खालच्या खणाकडं वळावं, की हा टपकलाच. दारूबद्दल मात्र चकार शब्द नाही.

"ताई, हा माणूस पिणारा वाटतच न्हाई मला," परवाच ते केंद्रात जाऊन कावले होते. "नुसता भेजा खायलाय. दुसऱ्या कुणाला द्या."

"थोडे दिवस काढा, अप्पा. मधीच सोडलं तर माणूस हातचा जाईल."

सात वाजले. फोन गप्प. सुटलो बुवा, म्हणत सांबप्पांनी किल्ली लावून खण उघडला. पण हात तिथंच अडला. सव्वासात झाले आणि त्यांना धडकी भरली. बसला असेल बेटा कुठंतरी पीत! चरफडत त्यांनीच फोन लावला.

उचलला बजरंगाच्या आईनं, तानुबाईनं.

"बजरंग कुठाय? प्यायला तर गेला न्हाई ना?"

"त्यो? धा वरसं झाली, थेंबाला शिवला न्हाई. शेळी अडलीय, तिला डाक्टरकडं घेऊन गेलाय, फोन इसरून. केंद्रातून बोलायलाव का तुमी? मग एक काम करा, बाबा. परभणीच्या एका अप्पाला रोज सातला फोन लावतो त्यो. बायको गेल्यापास्नं दारूच्या दुकानापुढं उभे दिसले म्हणं दोनदा. सरळ इचारलं तर लय चिडतेत, म्हणून काहीबाही इचारत बसतो. आज ऱ्हायलं बघा. तुमी तरी लावा की तेन्ला."

उघड्या खणातल्या दारूच्या चपटीचं बूच अजून शाबूत होतं.