ठोका वाजला नाही

झेनोन जाळीपुढे गुडघे टेकून बसला त्याला अकरा मिनिटं झाली होती. एरवी त्याची पापं दीड मिनिटात आटपायची.

ईस्टरला चार दिवस होते. पापनिवेदनाची रांग चर्चच्या दारापर्यंत गेली होती. झेनोनच्या पाठोपाठ त्याची बायको ग्राझिना उभी. ऐकू काही येत नव्हतं, पाठ तेवढी दिसत होती. पाठ काही सांगत नाही.

"काय गं," मागून चेस्वावा मावशी पुटपुटली, "घरी याच्या तोंडात मिठाची गुळणी. इथे बरं तोंड फुटलं."

"गुडघे धरतात त्याचे. उठता येत नसेल."

"असेल, असेल. गुडघेच असतील."

ग्राझिनाने कोटाच्या खिशात बोटं मोजायला घेतली. सात प्रमुख पापं, लहानपणी बोटांवरच पाठ केलेली. गर्व? एकच कोट बारा वर्षं घालणाऱ्याला कसला गर्व. लोभ? बागेतली सफरचंदं हा गावभर वाटतो. वासना. बोट तिथेच अडलं. हल्ली तो आपला शर्ट आपणच इस्त्री करायला लागला होता. चार माणसं सोडून मागे फुलवाली बोगुशा उभी होती, केस नुकतेच रंगवलेले. ग्राझिनाने वळून पाहिलं. बोगुशा हसली. हसायचं काय होतं त्यात?

पुढची चार बोटं तिने मोजलीच नाहीत.

क्षमा मिळाली की फादर आतून लाकडावर दोनदा ठोकतात. अख्खी रांग ऐकते आणि पुढचा माणूस सरकतो. आज झेनोन उठला, पण ठोका वाजला नाही.

चेस्वावा मावशीने क्रूसाची खूण केली, जरा जास्तच सावकाश. क्षमेशिवाय ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही; आता रविवारी सगळं गाव त्यासाठी उठणार आणि ग्राझिनाचा नवरा बाकावर बसून राहणार. गाव बघणार. मग गावही बोटं मोजणार.

तिने त्याची बाही धरून त्याला खांबाआड नेलं.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"फादरनी क्षमा दिली नाही तुला. बहिरी नाही मी. बोगुशा ना?"

झेनोनने झोपेतून उठल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"फादर म्हणाले, आधी तू माफ कर, मग तुला माफी. मी म्हटलं, अजून होत नाही माझ्याच्यानं."

"माफ कर? कुणाला?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. मग बोलला ते अगदी हळू, बिथरलेल्या जनावराशी बोलावं तसं.

"माझा भाऊ बसथांब्यावर गोठून सापडला, त्या सकाळी मी अंगणातला बर्फ काढायला उठलो होतो. बर्फात पावलं होती. फाटकातून आपल्या दारापर्यंत आलेली, आणि दारातून फाटकाकडे परत गेलेली. तू म्हणालीस, रात्री कुणी आलं नव्हतं."

ग्राझिनाने नजर खांबाच्या दगडाकडे वळवली.

"प्यायला होता तो," ती म्हणाली.

"हो. पावलं वाकडीच होती. लोक यायच्या आत मी ती फावड्याने काढून टाकली."

तो दाराकडे गेला. ग्राझिना रांगेत परत आली. जाळीपुढची जागा रिकामीच होती.

"जा की गं," चेस्वावा मावशी म्हणाली. "तुझाच नंबर."

"तुम्ही व्हा पुढे, मावशी."

मावशी गेली. मग सुतार गेला, मग त्याची म्हातारी आई. ग्राझिना प्रत्येकाला वाट देत राहिली, आणि ओढ्याने दगडाला वळसा घालावा तशी रांग तिच्यापाशी येऊन, वळून, पुढे जात राहिली.